ताजमहालाची आगाऊ तिकिटं

माणूस यायच्या आधी त्याचा दुपट्टा यायचा. एसटी स्टँडात शिरते न शिरते तोच गर्दीतून एक लांब हात वर व्हायचा आणि बारीक लाल काठाचा पांढरा दुपट्टा खिडकीतून आत, बरोबर दुसऱ्या बाकावर जाऊन पडायचा. मग हा गृहस्थ बाजूला उभा राहून "चढा मावशी, चढा, घाई नोका करू" असं सगळ्यांना म्हणत राहायचा आणि सर्वांत शेवटी, देवळात शिरावं तसा, सावकाश गाडीत चढायचा. दांड्याला लोंबकळणाऱ्या लोकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझा जरा जास्तच व्हायचा, कारण तो माझा साडू होता.

आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. मलकापूरच्या दोन सख्ख्या बहिणी, थोरली त्यांना दिली, धाकटी मला. ते देऊळगावराजाचे, भाजीपाल्याचा मळा होता त्यांचा. मी लोणारचा, माझं कापडाचं लहानसं दुकान. नवं राज्य झालं त्या सुमाराला माझं लग्न झालं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासूनच. माझ्या लग्नात आमच्या वऱ्हाडासाठी थंड पाण्याचे माठ, झोपायला गाद्या आणि म्हाताऱ्यांसाठी शेजाऱ्यांच्या ओसऱ्या या माणसाने आधीच धरून ठेवल्या होत्या. आमची माणसं परत जाताना बोलत होती ती त्यांच्याबद्दल. नवरदेव मी, आणि कौतुक त्यांचं!

"आधी जागा, मंग जाणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवणाला जायचं असो की कीर्तनाला, ते आधी जागा करायचे. सासुरवाडीला पहिल्या धोंड्याच्या जेवणाला गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराजवळचा पाट, जिथे तव्यावरची पोळी सर्वांत आधी येते, त्यांनी धरलेला. शेजारच्या पाटावर दुपट्टा. मला पाहिल्याबरोबर त्यांनी तो उचलला. "या साडभाऊ, तुमची जागा ठेवली." सासूबाई कौतुकाने हसल्या. मी बसलो, पण मला ते मुळीच आवडलं नाही. पोळी आधी त्यांच्या ताटात पडणार आणि मी ती बघावी, एवढ्यासाठीच मला शेजारी बसवलं असणार, असं मी धरून चाललो.

आंब्यांचंही तेच. झाडाला मोहोर आला की साडभाऊ गावातल्या एका म्हातारीचं अख्खं झाड बोलून ठेवायचे. वैशाखात एसटीच्या टपावरून एक टोपली लोणारला उतरायची. ही ती टोपली घेऊन शेजारीपाजारी फिरायची, "आमच्या भाऊजींनी धाडले." भाऊजी, भाऊजी! मी फोड तोंडात टाकून म्हणायचो, "आंबट आहे." घरात बाकी कुणालाच तो आंबा कधी आंबट लागला नाही.

मी जळत होतो, हे सरळ सांगतो. त्यात लपवायचं काय? त्या माणसात एक तरी खोट असती तर मला बरं वाटलं असतं. प्रवासात आम्ही बरोबर असलो की ते खिडकीची जागा मला द्यायचे. "खिडकी तुमची." मी म्हणायचो, "नको, मला वारा सोसत नाही." आणि आतल्या बाजूला अंग चोरून बसायचो. मला वारा उत्तम सोसतो.

आता ताजमहालाची गोष्ट. एका दिवाळीला मी दुकानातर्फे गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटलं होतं, त्यावर ताजमहालाचं चित्र होतं. वर्ष सरलं तरी हिने ते उतरवलं नाही. तारखांचे कागद काढून टाकले आणि चित्र चुलीच्या वरच्या भिंतीवर ठेवलं. धुराने ते पिवळं पडत चाललं तशी ती ओल्या फडक्याने पुसायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "खरंच इतका पांढरा असन काय हो?"

"दाखवतो की तुला," मी म्हटलं.

दाखवतो म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं. आमचं सरोवर बघायला कुठून कुठून लोक यायचे, दुर्बिणी लावून बघायचे, आणि आमच्या बायका तिथून सरपणाचे भारे घेऊन यायच्या. हिला गावाबाहेरचं काही दाखवायचं तर ते मी दाखवायचं, आणि असं दाखवायचं की मलकापूरपर्यंत नाव निघालं पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त तारीख ठरवायची राहिली होती. ती तीन-चार वर्षं राहिलीच.

एके वर्षी पोळ्याच्या आधी साडभाऊ लोणारला आले. पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाले, "कोजागिरीच्या चांदण्यात ताजमहाल पाहाचा. तवा लय गर्दी राहते म्हणे, म्हून मलकापूरवरून गाडीच्या चार जागा आताच करून टाकल्या. आमी दोघं, तुमी दोघं. तुमी फकत पिशव्या भरा."

ही दारात उभी होती. तिचा चेहरा असा उजळला, की माझ्या काळजात कळ आली. माझ्या लग्नातसुद्धा तो इतका उजळला नव्हता. घरातली गोष्ट तिने बहिणीला सांगितली, बहिणीने नवऱ्याला, आणि नवऱ्याने दुपट्टा टाकला. माझ्या बायकोला ताजमहाल दाखवणार कोण, तर साडभाऊ!

"बघू," मी म्हटलं. "तेव्हा दुकानाचा सीझन असतो."

पोळा झाल्याबरोबर मालाचं निमित्त सांगून मी मलकापूरला गेलो. सासुरवाडीला न जाता थेट स्टेशन गाठलं आणि खिडकीवर म्हटलं, कोजागिरीच्या आधीचं, लवकरात लवकरचं, दोन जागांचं रिझर्वेशन द्या. मिळालं. साडभाऊंच्या आधी आम्ही जाऊन येणार, आणि ते निघतील तेव्हा ही बहिणीला सांगणार की दरवाजातून आत गेल्यावर आधी काय दिसतं! परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून छातीवर वारा घेतला.

घरी येऊन तिकिटं तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग तारीख कोणती ते विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिकिटं परत माझ्यापुढे ठेवली.

"काय झालं?"

"हे तर पितरं हायेत," ती म्हणाली. "मामंजींची तिथ याच दिवशी येते. पान कोण वाढन?"

तिने हळूच आणखी विचारलं, "आन् अंधारा पंधरवडा हाय. चांदणं कुठून आणान?"

साडभाऊंना गाठायच्या भरात मी बापाचं श्राद्ध आणि चंद्र दोन्ही विसरलो होतो. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिकिटं परत करायला मी पुन्हा मलकापूरला गेलो, तेव्हा खिडकीवरचा बाबू मात्र हसला.

त्यानंतर साडभाऊंच्या चौथ्या जागेवर बसून मी जाणं शक्यच नव्हतं. "तू जा," मी हिला म्हटलं, "दसरा-दिवाळीच्या मध्ये मला दुकान सोडता येत नाही." ती दोनदा "चला ना" म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली नाही. ती गेली.

ती नव्हती त्या दिवसांत मी दुकानात बसून मनाने आगऱ्यालाच होतो. आता ते उतरले असतील. आता त्यांनी टांगा केला असेल. आता साडभाऊ हात लांब करून दाखवत असतील, आणि ही मान वर करून बघत असेल. कोजागिरीला गावात घरोघरी दूध आटत होतं. शेजाऱ्यांनी अंगणात बोलावलं तर मी चंद्राकडे पाठ करून बसलो.

ती परतली तेव्हा माझ्यासाठी हातभर रुंद डब्यात कापसात गुंडाळलेला, मुठीएवढा संगमरवरी ताजमहाल घेऊन आली होती. "ऐका ना, तिथं काय झालं..." तिने सुरुवात केली. मी गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. रात्री जेवताना तिने पुन्हा सुरुवात केली. मी म्हटलं, "मला त्यातलं काही ऐकायचं नाही." तिने वाढलेलं ताट पुढे सरकवलं आणि तो विषय आमच्या घरातून गेला. तो छोटा ताजमहाल फळीवर राहिला. त्याच्यापुढे मी पावडरचा डबा ठेवला.

साडभाऊंनी मात्र विषय सोडला नाही. दर वर्षी पोळ्याच्या आगेमागे त्यांचा निरोप यायचा, कधी भेट झाली तर ते स्वतःच विचारायचे, "औंदा दोन जागा करू काय, साडभाऊ?" मला वाटायचं, यांचं बघून झालंय, आता आम्हा नवरा-बायकोला दोन तिकिटं काढून देऊन आणखी मोठे होणार. मी म्हणायचो, "दुकान सोडून कसं जमणार?" ते जराही रागवायचे नाहीत. "बरं. पुढच्या साली पाहू." वर्षं गेली. माझं दुकान वाढलं, मी नोकर ठेवला, तरी मला जमलं नाही. ते विचारत राहिले.

मग ते आजारी पडले. मी देऊळगावराजाला भेटायला गेलो तेव्हा बालाजीच्या यात्रेची गर्दी होती आणि त्यांच्या घरातही माणसं दाटली होती. ते खाटेवर पडून होते. उशाशी एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तो दुपट्टा होता. काठाचा लाल रंग उडून गेला होता. त्यांनी हात उचलून तो काढला.

"बसा. तुमची जागा ठेवली."

मी बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "औंदा काई जमत नाई दिसत, साडभाऊ."

"आधी बरे व्हा," मी म्हटलं. काय जमत नाही ते मला कळलं नव्हतं. यात्रेचंच काहीतरी असेल, असं वाटलं. ते पुन्हा उठले नाहीत.

तेरवीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर आम्ही घरची माणसं ओसरीवर बसलो होतो. जो तो त्यांच्या आठवणी काढत होता. मीही काही बोलावं म्हणून म्हटलं, "भरून पावलेला माणूस. सगळं बघून गेले. ताजमहालसुद्धा." शेवटच्या शब्दाला माझ्या आवाजात थोडं आंबट आलंच.

आक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे बघायला लागल्या. "ताजमहाल? त्याहिनं कुठं पाह्यला?"

"म्हणजे?"

"आमी दोघी बहिणीच आत गेलो. हे मोठ्या दरवाजाच्या बाहीरच बसले आमच्या चपला सांभाळत. दारापाशी चार तिकिटं घेतली, दोन आमाले देली आन् दोन खिशात ठेवून देली. मी म्हटलं, अवो, एवढ्या दूर आले, चला ना. तर म्हणे, नाई. साडभाऊ आले का आमी दोघं संगच पाहू. त्याहिच्या आधी पाहून मी काय करू?"

आक्का पुढे बोलत राहिल्या. मलकापूरला गाडी हलेपर्यंत ते डब्याच्या दारात उभे होते, मी ऐन वेळी येईन म्हणून. चौथी जागा त्यांनी परत केली नव्हती. तिच्यावर दुपट्टा टाकून आगऱ्यापर्यंत लोकांशी भांडत गेले, आमचा माणूस येऊन राह्यला म्हणून. खिडकीची जागा होती ती.

"मला सांगितलं का नाही कुणी?" माझा आवाज चढला.

"सांगू नोका म्हणत होते," आक्का म्हणाल्या. "त्याहिले उगाच ओझं वाटन म्हणत."

मी हिच्याकडे वळलो. "आणि तू?"

तिने पदर नीट केला. "तुमी बोलू देलं काय कधी?"

मला रडू आलं नाही. आधी रागच आला. वर्षानुवर्षं मी ज्यावर जळलो ते या माणसाने बघितलंच नव्हतं. मी दुकानात बसून त्याला हात लांब करून दाखवताना बघत होतो, आणि तो चपलांपाशी बसला होता. दर वर्षी ज्या दोन जागा विचारत होता, त्यातली एक त्याची होती. अशा माणसाला कोणी कसं हरवायचं? ताजमहाल न बघण्यातही त्याने माझ्या आधी नंबर लावून ठेवला होता. त्या ओसरीवर मी त्याच्यावर जितका जळलो तितका उभ्या जन्मात जळलो नव्हतो, आणि तेवढाच तो मला हवा होता, तिथल्या तिथे, समोर, दुपट्टा झटकत.

निघताना आक्कांनी मला विचारलं, यांचं काही हवं का आठवणीला. मी दुपट्टा मागून घेतला. फळीवरचा पावडरचा डबा मी घरी पोचल्याबरोबर काढला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हल्ली ताजमहालाचं तिकीट घरबसल्या आगाऊ काढता येतं म्हणे, गाडीचंही. स्टेशनावर जायला नको, बाबूचं हसणं नको. परवा मुलाने मोबाईल समोर धरला. "बाबा, तुमी येवढं फिरले पण आगरा काई पाह्यला नाई. कोजागिरीचं पाहू काय? किती जागा करू?"

"दोन कर."

"तुमी आन् आई?"

"तुझ्या आईनं कवाच पाह्यला."

ही आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

"दोनच कर," साडभाऊंचा दुपट्टा खांद्यावरून काढून शेजारच्या खुर्चीवर टाकत मी म्हटलं. "आन् खिडकीची मले पाह्यजे."