सायकलीचा चिखल कशानं काढावा

आमच्याकडची काळी माती ओली झाली की सोडत नाही. पायाला धरते, बैलाच्या खुराला धरते, आणि सायकलीला तर अशी धरते की चाक आणि मडगार यांच्यामध्ये काडी शिरत नाही. हिंगणीच्या पलीकडे, धरणाच्या अंगाला आमचं गाव. गावातून डांबरी सडकेच्या फाट्यापर्यंत पांदण, बैलगाडीची कच्ची वाट. पावसाळ्यात त्या पांदणीतून माणूस सायकलीवर बसून निघायचा आणि फाट्यावर पोचायचा तेव्हा सायकल माणसाच्या खांद्यावर बसलेली असायची.

मी चौथी शिकलेला माणूस. जमेल तसं लिहितो. हे ऐंशी सालानंतरच्या एका पावसाळ्यातलं आहे. माझी बायको त्याच पावसाळ्यात गेली. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता कायले आठवतं. लोकांचं काय जातं म्हणायला.

ती वर्ध्याला दवाखान्यात होती. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्त नाही, ताकद नाही, अशा बाईचं ऑपरेशन करता येत नाही. आधी पोटात अन्न जाऊ द्या, मग पाहू. म्हणजे सगळं तिच्या खाण्यावर येऊन बसलं. आणि ती खाईना. माझी सासू तिच्याजवळ राहायची, पण सासूनं घास पुढे केला की मायलेकींचं जुनं भांडण निघायचं आणि घास हातातच राहायचा. माझ्या हातून मात्र ती थोडं खायची. म्हणून मी रोज सकाळी बैलांचं वैरणपाणी करायचो, वरणभात रांधायचो, डबा हँडलला टांगायचो आणि निघायचो. संध्याकाळी परत, कारण बैल कोणाच्या भरवशावर टाकू?

फाट्यावर एक सायकलवाला बसायचा. तिथं थांबल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काडीनं मडगारातला चिखल खरडायचा, मग चैन पुसायची. चैनीच्या वंगणात ती माती अशी मिसळते की पाण्यानं हलत नाही. त्याला घासलेटच पाहिजे. सगळा मुलूख घासलेटानंच पुसायचा. सायकलवाल्याजवळ एक डबा होता, त्यात चिंधी बुचकळून तो माझ्या हाती द्यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "लय घासून राह्यला गड्या, सासरवाडीले चालला का?" मी म्हटलं, बायको दवाखान्यात आहे. टोमणे काही सुटले नाहीत त्याचे, पण त्या दिवसापासून चिंधी न मागता मिळायची.

त्या पहिल्या दिवशी मी वॉर्डात गेलो, डबा उघडला, वरणात भात कालवला. हात पुढं नेला तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दूर व्हा. मले कसंतरी होऊन राह्यलं. घासलेट पेल्यावानी."

मी नळावर जाऊन हात धुतले, मातीनं घासले, साबणानं घासले. घासलेटाचा वास नखात बसतो, सदऱ्याच्या बाहीत बसतो. परत आलो, पुन्हा तेच. जे थोडं पाणी पोटात होतं तेही तिनं उलटून टाकलं. सासू माझ्याकडे अशी पाहत होती जसं मीच ते तिला पाजलं. पहिले तिला असा त्रास नव्हता. घरी कंदिलात तीच घासलेट भरायची. दुखण्यानं तिचं नाक बदललं होतं, आणि नाकाशी कोण भांडणार?

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चैन कशानं पुसावी?

गावातल्या दुकानदाराला विचारलं, वास न येणारं काही आहे का. त्यानं धुण्याचा सोडा दिला. सोड्यानं चैन चकचकीत झाली, आणि माझ्या हाताची सालं निघाली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. वास नव्हता, खरं आहे. पण मी घास पुढं केला तर तिनं माझं बोट धरून उलटसुलट पाहिलं आणि तोंड मिटलं. रक्त लागलेला भात ती कशी खाईल.

मग आंघोळीचा वासाचा साबण नेला. वाटलं, सुगंधच तर आहे. मी खाटेजवळ गेलो तर ती म्हणाली, "कोनाच्या लग्नाले जाऊन आले?" बाजूच्या खाटेवरची बाई हसली, मीही हसलो. पण दोन घास पोटात ठरले नाहीत.

सासूनं रिठे सांगितले. रात्री भिजवून सकाळी बाटलीत पाणी नेलं. रिठ्याच्या फेसानं रिम साफ झाली, दांडी साफ झाली, चैनीवरचं काळं तसंच. राखही लावून पाहिली. सायकलवाला चिडलाच. म्हणाला, राखेतले खडे चैनीत गेले तर वर्ध्याऐवजी वाटेत सेलूलेच झोपशीन. एक दिवस काहीच न पुसता निघालो, तर सेलूच्या अलीकडंच चैन पडली, आणि ती बसवताना हात काळेभोर झाले. ते काढायला पुन्हा घासलेटच.

मी सायकलवाल्याच्या खोक्याजवळ खाली बसलो. जेवणाचा डबा बाजूला. त्याला म्हटलं, तूच सांग आता. तो चाक फिरवत होता. म्हणाला, तेलाचं काळं तेलच सोडवते, पण माझ्याजवळचं सगळं तेल वासाचं. मला घरातली जवसाच्या तेलाची बाटली आठवली. आम्ही तेच खायचो.

"जवसाचं?" तो म्हणाला. "वाळलं का गोंद होते बाप्पा. चैन धरून ठेवन."

मी म्हटलं, धरू दे.

दुसऱ्या दिवशी बाटली नेली. चिंधीवर तेल घेतलं आणि एकेक कडी पुसली. काळं निघालं, घासलेटाइतकं चटकन नाही, पण निघालं. हात बेसनानं चोळून धुतले. जवसाचा वास मात्र राहिलाच. भीत भीतच वॉर्डात गेलो. डबा उघडायच्या आधीच तिनं नाक वर केलं.

"आज फोडनी देल्ली का तुमी?"

मी होकाराची मान हलवली. वरणात फोडणी नव्हतीच, मला ती जमत नव्हती.

"जळाली नाई वाट्टे."

"नाई."

"आना मंग."

ती खायला लागली. वरणात मीठ कमी आहे म्हणाली, भात गिचका झाला म्हणाली, आणि खात राहिली. सासू उठून व्हरांड्यात गेली. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमच्या मालकाले आमच्याकडंही पाठवा रांधाले." बायकोनं तिला सांगितलं, "नेऊन पाहा. दोन दिवसांत वापस आनून द्यान."

मग काही दिवस तसेच गेले. रोज जवसाचं तेल, रोज थोडं अन्न. चैन खरंच चिकट व्हायला लागली. पायडल मारताना जातं ओढल्यासारखं व्हायचं, चढावावर उतरून ढकलावं लागायचं. सायकलवाला चैनीला बोट लावून पाहायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. नर्स म्हणाली होती, बाईच्या चेहऱ्यावर थोडी कळा आली.

एका सकाळी गेलो तर खाटेजवळ सलाईनची बाटली लटकत होती. डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं. म्हणाला, आता तोंडानं काही द्यायचं नाही. गाठ पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी म्हटलं, साहेब, पण ती तर खाऊन राह्यली. तो म्हणाला, हो. पोरगाच होता.

मी डबा मांडीवर घेऊन बसलो. उघडला नाही. बऱ्याच वेळानं माझा हात ओढून तिनं नाकाजवळ नेला.

"घरातलं सारं तेल संपवलं असंन तुमी," ती म्हणाली.

"हाय अजून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रांधलं नाही. तरी फाट्यावर बसलो. बाटलीच्या बुडाशी होतं तेवढं तेल चिंधीवर ओतलं आणि चैन पुसली. बेसन सोबत होतं, ते काढलंच नाही. हात न धुता तसाच वर्ध्याला निघालो. तिच्यासाठी न्यायला मग तेवढा वासच राहिला होता.