देवघरामागची सोनेरी भिंत

पिंपळगाव राजाला माझं रंगाचं दुकान आहे आणि अश्वजितसारखा हात मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझं डोकं तापणार आहे.

त्याचे वडील इंद्रभान याच गावात घरांना चुना लावायचे, तोही फक्त बाहेरून. आतल्या भिंती दुसरा कुणीतरी करायचा. का, ते कुणी विचारत नव्हतं. बौद्धवाड्यातल्या माणसाची हद्द उंबऱ्यापाशी संपते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा पुण्याला गेला, सहा वर्षं फ्लॅटांत राबला आणि मेटॅलिक रंगाचं काम शिकून परत आला. आधी गुळगुळीत अस्तर, त्यावर सोनेरी रंग पट्टीनं आडवातिडवा ओढायचा, मग बॅटरी भिंतीला तिरपी लावून बघायचं. एक ओरखडा दिसला की अख्खी भिंत पुन्हा. मी म्हणायची, "अरे, कुणाला दिसतंय ते?" तो म्हणायचा, "ताई, मले दिसते ना."

वामनराव माझे लांबचे मामा, गावातले मोठे शेतकरी. त्यांनी नवं घर बांधलं. हॉलची एक भिंत अश्वजितनं केली, ती पाहून मामा म्हणाले, "देवघराच्या मांगंही अशीच करून दे." त्यानं केली, त्याच डब्यातल्या रंगानं. जाताना नेहमीसारखं बजावलं, आठ दिवस पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी देवघरामागची भिंत काळपट डागांनी भरलेली होती. मामा पंगतीत जो दिसेल त्याला सांगत सुटले की अश्वजितनं नकली रंग मारला. दोन दिवसांत त्याची ठरलेली तिन्ही कामं गेली. एक महादेवरावांचं होतं, लेकीच्या लग्नाआधीचं. डबा माझ्या दुकानातला, सील माझ्यासमोर फोडलेलं. मी नुसती धुमसत होते. तो एवढंच म्हणाला, "ताई, माहा हातच खोटा ठरला तं मी काय करू गावात?"

आम्ही दोघं मामांकडे गेलो. महादेवराव हॉलमध्ये चहा पीत बसले होते, ते बरंच झालं. अश्वजितनं देवघरामागच्या भिंतीला बॅटरी तिरपी लावली. सगळे डाग माणसाच्या हाताच्या उंचीवरून सुरू होऊन खाली ओघळले होते.

"भाऊ, रंग खराब असता तं हॉलची भिंतही गेली असती. डबा एकच होता. इथं कोनं काही शिपलं काय?"

मामा छताकडे बघू लागले. त्यांना ठाऊक होतं. पंगतीत त्या पोराचं नाव खराब करताना वाढप्याला आणखी जिलबी वाढायला सांगणाऱ्या या माणसाला सगळं ठाऊक होतं.

उत्तर दिलं त्यांच्या आईनं, रुखमाबाईनं. काम चाललं होतं तेव्हा ती मेहकरला लेकीकडे होती. "मी शिपलं गोमूत्र, दोन तांबे. देवामांगं कोनाचा हात लागला ते मले आल्यावर समजलं. मंग शुद्ध नाही करा लागत?" आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. भाजीत मीठ घातल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

मामांनी घसा खाकरला. "म्हातारं मानूस आहे, जाऊ दे. उद्या ये, पुन्हा मारून दे. अन् बाहेर काही बोलू नको."

अश्वजित आजीकडे वळला. "आजी, हॉलची भिंतही माह्याच हातची आहे. तिच्यावर काऊन नाही शिपलं?"

"तिथं काय देव बसते? तिथं पाहुने बसतात."

"मंग भाऊ, उद्या देवामांगं माहा हात कसा चालन?"

अश्वजितनं बॅटरी पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. माझ्या तोंडून मामांसाठी जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमचं येणंजाणं बंद आहे.

महादेवरावांनी सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी त्यांचा दुकानावर फोन आला. रंगात खोट नव्हती हे मी सगळ्याइले सांगतो, म्हणाले, अन् पोराले उद्यापासून पाठव, हॉल अन् दोन्ही खोल्या करून घ्यायच्या आहेत. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "देवघर तेवढं सोडून."

मी अश्वजितला निरोप दिला, शेवटच्या शब्दासकट.

"ताई, त्याइले सांगा, मले वेळ नाही."

त्या आठवड्यात त्याच्याकडे एकही काम नव्हतं.