तांडेलमामांचं गुलाबी शिसं

चहा घ्या आणि ऐका, पण मध्ये हसायचं नाही हं! हसायचंच असेल तर शेवटी, सगळे मिळून. कारण मी जो पराक्रम केलाय ना, तो अडाणी माणसाला जमलाच नसता. त्याला इंजिनीअरच लागतो.

मी मूळचा नाशिकचा, शिक्षणाने इंजिनीअर. इथे दोह्यात पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. म्हणजे काय, तर गेट, खिडक्या, रेलिंग घ्यायचं, त्यावर रंगाची कोरडी पूड उडवायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. या धंद्यात आमचा शत्रू एकच, तेलकटपणा! ग्रीसचा एक ठिपका राहिला तरी रंग धरत नाही. त्यामुळे ओशट वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. बायको म्हणते, हे पुरीसुद्धा कागदात इतकी दाबतात की तिचा पापड होतो.

बायको, प्राजक्ता, वेंगुर्ल्याची. राहतो आम्ही अल वक्र्याला, पण मासळीसाठी ती मला दर शुक्रवारी कतारच्या पार उत्तरेच्या टोकाला, अल रुवैसला पिटाळते. का? तर तिथल्या बंदरात एकदा तिच्या कानावर मालवणी पडली! बोलणारे होते बाबलमामा, अठ्ठावीस वर्षं तिथल्या एका मासेमारी बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. ती त्यांना मामा म्हणायला लागली आणि मी बसल्या जागी जावई झालो. फुकटचा मान, वर सुरमई. कोण सोडतो?

तर यंदा जानेवारीत मामा कायमचे गावी निघाले. तिकीट शनिवारचं. त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक जड शिसं माझ्या हातात ठेवलं. दोरीला बांधून समुद्रात सोडायचं आणि खोली मोजायची. त्यांच्या वडिलांनी परसात चूल पेटवून, वाळूच्या साच्यात ओतून ते केलेलं.

"जावयबापू, वरची कडी झिजली हा. नवी बसवूक होयी. सांभाळून हां, बापाशीची वस्तू."

बस, एवढंच! कडी! पण एवढ्यावर थांबेल तो मी कसला?

वर्कशॉपमध्ये फडकं सोडलं आणि अंगावर काटा आला. बुडाला एक खळगा, त्यात चरबी थापलेली आणि चरबीत वाळू न् शिंपल्यांचा चुरा रुतलेला. शी! म्हटलं, म्हातारा माणूस, नजर अधू झाली असेल. आपण नवंकोरं करून देऊ, आठवण राहील!

मग काय विचारता! कडी बसवली. शिसं ग्रीस काढायच्या टाकीत तीनदा बुचकळलं. खळगा पुट्टीने बुजवून सपाट केला. त्या दिवशी लाइनवर एका बालवाडीच्या गेटचा रंग चालला होता. गुलाबी. म्हटलं, शोभेल!

घरी प्राजक्ताने ते पाहिलं आणि विचारलं, "अहो, मामांना विचारलंत का?"

"सरप्राइज काय विचारून देतात?"

शुक्रवारी पुरणपोळ्या आणि साजूक तुपाची बरणी घेऊन आम्ही निरोपाला रुवैसला गेलो. मामांची पेटी बांधून तयार होती. मी ऐटीत फडकं उघडलं. मामांनी शिसं हातात घेतलं, उलटं केलं, बुडावर अंगठा फिरवला.

"हयची वाळू खंय?"

"काढली ना, मामा! चरबीसकट! आता दहा वर्षं त्याला काही चिकटणार नाही. गॅरंटी!"

मामा पेटीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. ते हळूच म्हणाले, "चरबी मीच लायलेली. खाली रेव आसा की चिखल, ता चरबीक चिकटान वर येता. मशीन खोली सांगता, जमीन नाय सांगत."

मग म्हणाले, "माझी बायल अठ्ठावीस वर्सां इचारता, तुमी रवतास ती जागा कशी? फोटो दाखयलंय. म्हणता, फोटोत काय कळता? म्हणान शेवटच्या फेरीक ही वाळू काढलंय. बारा वाव खालची, माझ्या जागेवरची. तिच्या हातार ठेवूची हुती."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. किनाऱ्यावरची मूठभर उचलू का, असंही मी विचारलं. सांगतो ना, इंजिनीअर!

"ती खंयची पण असता," मामा म्हणाले.

बोटीचे मालक, एक वयस्क कतारी गृहस्थ, निरोप द्यायला तिथेच आले होते. मामांनी त्यांना मोडक्या हिंदी-अरबीत सगळं सांगितलं. त्यांनी गुलाबी शिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"यल्ला, चलो! एक चक्कर मारो. इसको भी लेके जाओ!"

गंगापूर धरणात बोटीत बसलो तरी ज्याचं पोट ढवळतं, तो मी खुल्या समुद्रात! आणि बोटीवर चरबी खलास. प्राजक्ताने जाताना, लागली तर असू द्या म्हणत, तुपाची बरणी माझ्या हातात कोंबली होती. थंडीचे दिवस, तूप घट्ट थिजलेलं. मामांनी ते बुडाला थापलं आणि शिसं सोडलं. वर आलं ते स्वच्छ! वाळू तर नाहीच, तूपही गेलं.

"गॅरंटी, नाय?" मामा म्हणाले.

मग मी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच केलेलं कोटिंग उकरायला बसलो. निघेल तर शपथ! तासभर खरवडत होतो. मध्ये दोनदा उठून ओकून आलो. शेवटी खळगा उघडा पडला. जन्मभर ज्याने तेलकटपणाशी वैर केलं, त्याने आपल्या हातांनी त्यात साजूक तूप दाबून भरलं.

मामांनी दोरी माझ्याच हातात दिली. "सोडा. दोन हात पसरलास की एक वाव. मोजा बारा."

बाराव्या वावेला बोटांना हलकेच कळलं, खाली जमीन लागली. वर ओढलं, तर तुपात पांढरी भरड वाळू आणि नखाएवढा एक शिंपला.

मामांनी टोपी काढली. "ही बघा, जावयबापू. माझी जागा."

मी रडलो. त्यांना म्हटलं, खारं पाणी उडालं.

महिन्याभराने वेंगुर्ल्याहून मामींचा व्हॉइस मेसेज आला. प्राजक्ता आणि मी सोफ्यावर बसून ऐकला.

"जावयबापू, वाळू हातार घेतलंय. माका सारखी काळजी, ह्यो माणूस थंय काय खाता, काय नाय. पण वाळू नाकाक लायलंय, तर साजूक तुपाचो वास! म्हटलंय, जंय समुद्राकच तुपाचो वास येता, थंय आमचो माणूस उपाशी नाय रवलो."

प्राजक्ताने डोळे पुसले, मीही पुसले. मामांनी मामींना तुपाचं खरं सांगितलं नव्हतं. मीही सांगणार नाही, आणि तुम्हीही कुठे बोलू नका.

पण मेसेज संपला नव्हता हो!

"आणि एक. ह्यो गुलाबी रंग खंयच्या मेल्यान लायलो? चार दिस नारळाच्या सोडणान घासतंय, निघना नाय! हेंका इचारलंय, तर हे नाव सांगनत नाय."

गॅरंटी दहा वर्षांची आहे. अजून नऊ वर्षं अकरा महिने मामी त्या मेल्याला शिव्या घालणार, आणि तो मेला इथे तुमच्यासमोर बसून चहा पितोय!