कूस बदललेला माल

ट्रेलर गोदामात लागला की बारकूदादा आधी ड्रायव्हरला खाली उतरवायचे, किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचे आणि मग एकटेच गाडीभोवती फेरी मारायचे. चाकांना ठोकळे लागलेत का, पाइप कुठल्या अंगाला झुकलेत, माल आवळणारा कुठला पट्टा जास्त ताणलाय, सगळं वाकून बघायचे. तोवर कोणी हमालाने गाडीला हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला.

शहापूरजवळ हायवेला लागून आमचं लोखंडी पाइपांचं गोदाम. मी तिथला सुपरवायझर, ते हमालांचे मुकादम. नाशिककडून येणारी प्रत्येक गाडी कसाऱ्याचा घाट उतरून यायची आणि दादांचा सगळा संशय त्या घाटावर. "घाटात माल कूस बदलतो, सायेब," ते म्हणायचे. "गाडी उभी रायली म्हंजे माल उभा रायला असा नाय." पाइप फारच कलले असतील तर क्रेनने वरून धरल्याशिवाय ते पट्टा सोडू देत नसत. इतक्या वर्षांत त्यांच्या टोळीतल्या कोणाचं बोटही चेंगरलं नव्हतं. या एकाच गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

मूळचे वैशाखऱ्याचे. आठवडाभर गोदामातच राहायचे, रविवारी एसटीने घरी. सोमवारी येताना नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायचे, त्यातला अर्धा वाटा माझ्या टेबलावर. "खावा. निस्त्या चहावर मानूस वाळतो." मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला कधी अरेतुरे केलं नाही.

त्या दुपारी दारात तीन ट्रेलर अडकले होते. हेड ऑफिसचे फोनवर फोन. क्रेन दुसऱ्या गोदामात गेलेली. पहिल्या गाडीची फेरी मारून दादा आले. "माल पार डावीकडं आलाय. क्रेन येऊ दे. आज पट्टा नाय सोडायचा."

माझं डोकं फिरलं होतं. सगळ्यांदेखत बोललो, "दादा, तुम्ही आता घाबरायला लागलात. जमत नसेल तर घरी बसा."

 दादांनी टोळीला हाकलून पार कुंपणापाशी उभं केलं. "कोन पुढं यायचा नाय," म्हणाले आणि स्वतः पट्ट्याला हात घातला. पट्ट्याची कडी नेमकी झुकलेल्या बाजूला होती. ती सुटली तसे पाइप गडगडत खाली आले. दवाखान्यात पोचेपर्यंत दादा गेले होते. टोळीतल्या एकालाही खरचटलं नाही.

संध्याकाळी हेड ऑफिसच्या साहेबांनी फोनवर सांगितलं तसा मी अहवाल लिहिला: मुकादमाने सूचना न पाळता पट्टा सोडला. माझी मलाच किळस आली, तरी सही केली.

तेरावं झाल्यावर वैशाखऱ्याला गेलो. त्यांची बायको, सगुणाकाकी, ओटीवर बसली होती. तिने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "लोका बोलतात, त्यांचीच चूक झाली. खरा हाय?"

"नाही, काकी. ते नको म्हणत होते. मी त्यांना भाग पाडलं, आणि वर कागदावर त्यांचीच चूक लिहिली."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, "त्या कागदावर तसा लिवून ये. मंग माज्या दारात ये."

दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं. नोकरी गेली, त्याचं काही वाटलं नाही. पण वैशाखऱ्याची एसटी पकडायला मुरबाडच्या स्टँडवर दोनदा जाऊन मी परत आलोय.