डोळं मिचकावणारी लाइट

कुणी बोलत असताना दुसऱ्यानं मध्येच तोंड घातलं, की आमच्या मॅडम हाताचा पंजा वर करायच्या. "त्याचं संपू द्या की आधी!" बारामतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत मालकसुद्धा त्या पंज्यापुढे गप्प बसायचे.

मॅडम कळंबच्या. आज्यानं मेंढरं राखली आणि नात उसाला आपोआप पाणी सोडणाऱ्या खोक्याचा ड्रायव्हर लिहायची. ड्रायव्हर म्हणजे खोक्यातला प्रोसेसर आणि मातीतली ओल मोजणारा सेन्सर यांची तारांवरून बोलणी घडवणारा प्रोग्राम.

टेबलावर ही खोकी शहाण्या बाळासारखी चालायची. शेतात गेली की बंद. मालक वैतागले. "सोमवारपर्यंत बघतो. न्हायतर तुमचा ड्रायव्हर काढून बाहेरचा तयार माल बसवू." त्या दुपारी मॅडमनी डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. म्हणजे प्लग काढायचा, जरा थांबायचं, परत लावायचा. मॅडम एकदम उठल्या.

"आवो, आपल्याकडं लाइट अशी सरळ येती व्हय? डोळं मिचकावत येती!"

आणि बटण खटाखट वरखाली करू लागल्या. खोकं बंद!

"मेलं! मेलं बघा!" टाळ्या पिटत सगळ्यांना हाका. स्वतःचं काम बंद पडल्यावर एवढा हरखलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी तरी नाही.

मग उलगडा झाला. क्षणभर वीज गेली की प्रोसेसर नव्यानं सुरू व्हायचा. सेन्सर मात्र जागाच, अर्धं उत्तर देऊन, तार धरून प्रोसेसरच्या पुढच्या ठोक्याची, म्हणजे उत्तराचा पुढचा तुकडा मागणाऱ्या इशाऱ्याची, वाट बघत बसलेला. ड्रायव्हर नवा प्रश्न विचारायला जायचा आणि तार मोकळी नाही म्हणून अडून राहायचा. मॅडमनी चार ओळी घातल्या. सुरू होताच आधी नुसते ठोके द्यायचे, सेन्सरचं उत्तर पुरं होऊ द्यायचं, मग विचारायचं.

"ड्रायव्हरला पंजा दाखवलात म्हणा की!" मी म्हणालो.

"व्हय तर!"

शनिवारी जळोचीत एका आबांच्या उसात खोकं बसवलं. लाइट आली, गेली, आली, गेली, आली.

"हे बी गेलं का?" आबांनी विचारलं. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडला.

आता मॅडम चेन्नईला, मोठ्या कंपनीत. सुखात आहेत. मला मात्र त्यांची आठवण फार येते. डोळ्यांपुढे ऑफिसातल्या मॅडम येत नाहीत. येतात त्या चपला बांधावर टाकून, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून, "आलं, आबा, आलं!" ओरडत, पाण्याच्याही पुढं सरीतून पळणाऱ्या.