अंगावर पितेय तोवर

“सवाल ही नहीं उठता,” मी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं. “बच्ची अभी माँ का दूध पीती है।” दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांची कुजबुज एकदम थांबली.

बायकोने मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकीचं झबलं उगाचच सारखं केलं. आठवडाभर तिला सकाळी मळमळत होतं. मालवीय नगरच्या एका शाळेत तिला नोकरी मिळाली होती, जुलैत रुजू व्हायचं होतं. माझ्या बदल्यांपायी आधीच्या दोन नोकऱ्या तिने सोडल्या होत्या. ही तिसरी.

“यह आपको किसने बताया?”

“माताजी ने.” साताऱ्याहून आईने फोनवर निर्धास्त केलं होतं: पोर अंगावर पितेय तोवर दिवस जायची काळजी नको. तोच सल्ला मी दोन-चार शास्त्रीय शब्द घालून बायकोला माझा म्हणून दिला होता.

“आप कितने भाई-बहन हैं?”

“दो भाई.”

“बीच में फ़र्क?”

“चौदह महीने,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मनात चौदातून नऊ वजा केले. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बायको खिडकीकडे बघत होती, खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग बाईंनी समजावलं. बाळ दिवसरात्र सारखं पीत असलं की आईचं अंडाशय झोपून राहतं, हे खरं; पण त्याला तीन अटी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, आईच्या दुधाशिवाय त्याच्या पोटात काही जाता कामा नये, आणि पाळी परत आलेली नको. वरचं खाणं सुरू झालं, पिणं कमी झालं, की अंडाशय जागं होऊ लागतं. शिवाय पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडू शकतं. म्हणजे पाळीची वाट बघत बसलेल्याला कोणी आगाऊ नोटीस देत नाही.

आमची लेक दोन महिने मऊ वरणभात खात होती आणि बाटलीनेही पीत होती. बाटली मीच पाजायचो, ऑफिसात चारचौघांना ते सांगायचोही. पाळी तेवढी आली नव्हती. तीनातली ती एक अट धरून मी निवांत होतो. आणि माझी नोकरी कुठली, तर विमा कंपनीत दावे तपासण्याची. “अटी वाचल्या नव्हत्या का?” हे मी लोकांना रोज विचारायचो.

तपासणी झाली. दिवस गेले होते. घरी येताना स्कूटरवर मी “होईल सगळं ठीक” असं दोनदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लेकीला माझ्याकडे देऊन ती एकटीच शाळेत गेली. आतापासून सांगितलेलं बरं, म्हणाली. मी बाटली उकळली, पोरीला कडेवर घेऊन फाटकापर्यंत बऱ्याच चकरा मारल्या. ती दुपारी आली, पंख्याखाली बसली, पाणी प्यायली.

“काय म्हणाल्या मुख्याध्यापिका?”

“जुलैला या म्हणाल्या. डिसेंबरात सुट्टी देतील, बिनपगारी. फक्त विचारत होत्या, ‘दो-दो बच्चे कौन सँभालेगा?’ मी तुमचं नाव दिलंय. रजेचा अर्ज उद्याच टाका.”