आमच्या व्याह्यांचं शीड

समुद्राच्या तब्येतीची सगळी जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर घेतलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच असेल, आणि तो नेमका मला व्याही म्हणून मिळाला. मेहुणा असता तर दोन शब्द सुनावले असते, भाऊ असता तर भांडलो असतो, शेजारी असता तर दार लावून घेतलं असतं. पण मुलीच्या सासऱ्याचं काय करायचं? समोर बसायचं आणि मान डोलवायची. माझी मान डोलायची जरा थांबली, की मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारते आणि संध्याकाळी फोनवर बजावते, "पप्पा, ते माझे सासरे आहेत. तोंड सांभाळा." मी सांभाळतो. तिच्या लग्नापासून मी दुसरं काही सांभाळलेलंच नाही.

आम्ही दोघंही मूळचे खानदेशचे, म्हणजे समुद्राशी आमचा पिढीजात संबंध सुकटीपुरता. पोटासाठी सुरतेला आलो. माझा उधन्याला ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवायचा छोटा कारखाना आहे. व्याही जवळच्याच सचिन गावी कापड रंगवायच्या एका मिलमध्ये बॉयलरवर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भट्टीत कोळसा ढकलण्यात घालवली. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शन करतात, नातवंडं खेळवतात, फार तर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. हे गृहस्थ एका रविवारी घरच्यांबरोबर डुमसला भजी खायला गेले, तिथे भिखुभाई नावाच्या मच्छीमाराशी गप्पा मारत बसले आणि भजी न खाताच परत आले. भिखुभाईंनी त्यांना सांगितलं होतं, की पाणी पूर्वीसारखं राहिलं नाही, ऊबदार झालंय, आणि मासा किनारा सोडून लांब निघून गेलाय. दुसरा कोणी हळहळला असता आणि विसरला असता. यांनी ते जिवाला लावून घेतलं. "व्याही, दर्या तपी गया ना," ते मला खालच्या आवाजात म्हणाले, घरात कुणी गंभीर आजारी असल्यासारखे. "आणि तापवणाऱ्यांत मी आहे. केवढा कोळसा जाळला मी!" मी म्हणालो, "अहो, तुम्ही नसता जाळला तर दुसऱ्याने जाळला असता." "तेच तर," ते म्हणाले, "तो दुसरासुद्धा असंच म्हणत असणार." मी मान डोलवली.

तेव्हापासून आमचं खाणं, पिणं, झोपणं सगळं समुद्राच्या हवाली झालं. ते घरी आले की चप्पल काढायच्या आधी एसी बंद करतात. सुरतेच्या मे महिन्यात! त्यांच्याबरोबर मासळीबाजारात जायचं म्हणजे आणखी शिक्षा. पापलेटच्या कल्ल्याला ते हाताची मागची बाजू लावतात, पोराचा ताप बघावा तशी. एकदा कोळणीने हसून विचारलं, "काका, बरफमां मूकेली छे, एने ताव क्यांथी आवे?" बर्फात ठेवलेल्या माशाला ताप कुठून येणार? त्यावर ह्यांनी तिला तिथेच उभं राहून समजावायला सुरुवात केली. पाणी तापलं की मासा खोल पाण्यात जातो. मासा लांब गेला की होडीला लांब जावं लागतं. होडी लांब गेली की डिझेल जास्त जळतं. डिझेलचा धूर हवेत राहतो, हवा तापते आणि पुन्हा पाणी तापतं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. ती बाई इतकी बधिर झाली, की तिने मला बोंबील चक्क मापापेक्षा जास्त घातले आणि म्हणाली, "भाई, एमने लई जाओ." ह्यांना घेऊन जा! जणू ती सोय माझ्या हातात होती.

ह्या चक्रावर त्यांनी पहिला उपाय काढला तो जेवणाचा. लांबच्या समुद्रातला मासा खायचा नाही, किनाऱ्यालगत मिळतो तोच खायचा. पापलेट बंद, सुरमई बंद. माझ्या मुलीच्या डोहाळजेवणाला बायका ओटी भरत असताना हे हातात ओली पिशवी घेऊन आले. तापीच्या मुखाशी चिखलात उड्या मारणारे लेवटे होते त्यात, जिवंत. "सुनेला पौष्टिक," असं म्हणत त्यांनी पिशवी पाटाशेजारी ठेवली, आणि लेवटे चिखलात करतात तेच त्यांनी नव्या साड्यांच्या घोळक्यात केलं. विहीणबाई खुर्चीवर चढल्या. माझी बायको अजून तो प्रसंग काढला की कपाळावर हात मारून घेते. व्याही मात्र गुडघ्यांवर बसून एकेक लेवटा पकडत म्हणत होते, "घाबरू नका, घाबरू नका, डिझेलचा एक थेंब लागला नाही याला!"

दुसरा उपाय मात्र थेट माझ्या कारखान्यात येऊन धडकला. एका सकाळी ते भिखुभाईंनाच घेऊन आले. भिखुभाई उन्हाने रापलेला, मितभाषी माणूस. खुर्ची दिली तरी उभाच राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पूर्वी तासाभरावर जाळं टाकायचे, आता अर्धा दिवस इंजिन चालवावं लागतं. त्यातून वादळाचे इशारे अवेळी येतात, की होड्या पुन्हा किनाऱ्यावर. "डीझल बाळीने पाणी जोवा जईए छीए," तो म्हणाला. डिझेल जाळून नुसतं पाणी बघायला जातो. असंच चाललं तर हा मोसम संपला की होडी विकणार. व्याही माझ्याकडे वळले. "दुपारनंतर वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो. येताना इंजिन कशाला? त्यांच्या आज्याकडे शीड होतं. तुम्ही शिवा." मी म्हणालो, "मी मांडव शिवतो, व्याही." ते म्हणाले, "मांडवच आहे. फक्त उभा."

व्याह्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी शिवायला बसलो. पहिलं शीड मांडवाच्या उरलेल्या कापडाचं, गुलाबी, त्यावर मोठी मोठी कमळं. वारा त्यातून आरपार गेला. किनाऱ्यावर मात्र लोक कुणाचं लग्न आहे म्हणून विचारून गेले. दुसरं ताडपत्रीचं, ते इतकं जड झालं, की होडी एका कुशीवर कलली आणि भिखुभाईंनी देवाचं नाव घेत ते खाली ओढलं. प्रत्येक वेळी व्याही माझ्या कारागिरांच्या डोक्यावर उभे राहून सूचना देणार, मशीन थांबवणार, शिवण उसवायला लावणार. दिवाळीच्या ऑर्डरी अडकल्या. मी रात्री बायकोला म्हणालो, "आपण मुलीला मुंबईत द्यायला हवं होतं." शेवटी छत्रीचं कापड आणलं, कडेला दोर घालून दुहेरी शिवण मारली आणि तिसरं शीड तयार झालं.

चाचणीला मलाही नेलं. होडी मुखाबाहेर पडली, पहिली मोठी लाट आली आणि समुद्राचे तारणहार तळाशी आडवे झाले. पोटात काही राहिलं नाही तरी बोलणं चालूच: "व्याही, दोर बघा... आईगं... भिखुभाई, वारा कुठला?" दिवसभर जाळं टाकून जे वर आलं त्यात निम्मे जेलीफिश होते आणि टोपलीचा तळ जेमतेम झाकेल इतके बोंबील. भिखुभाईने जेलीफिश परत पाण्यात ढकलले. परतताना त्याने शीड वर चढवलं. कापड दोनदा फडफडलं, मग एकदम फुगलं, आणि त्याने इंजिन बंद केलं. असा आवाज थांबलेला मी कधी अनुभवला नव्हता. होडी आपली आपण चालत होती. व्याही हळूहळू उठून बसले, काठाला धरून. चेहरा हिरवट पडलेला, डोळ्यांत पाणी. ओकारीचं असेल म्हणून मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "चालतेय," एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात शीड रोज चढलं आणि डिझेल खरंच वाचलं. पण वाचलेल्या डिझेलने मासे जवळ येत नाहीत. मोसम संपता संपता भिखुभाई पुन्हा कारखान्यात आला, या वेळी खुर्चीवर बसला. होडी विकली होती. वेरावळच्या एका मोठ्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघाला होता. ते ट्रॉलर पंधरा-पंधरा दिवस समुद्रातच राहतात. "काका, तमारो वांक नथी," तो व्याह्यांना म्हणाला. तुमचा काही दोष नाही. मला वाटलं, आता तासाभराचं भाषण होणार. व्याह्यांनी फक्त विचारलं, "तिकडे थंडीचं अंथरूण-पांघरूण देतात का?" आणि माझ्या कपाटातली नवी कोरी ताडपत्री काढून त्याच्या हातात दिली. मला न विचारता.

त्यानंतर ते बोलायचेच कमी झाले. घरी यायचे, चहा प्यायचे, एसीच्या वाऱ्यात गप्प बसून राहायचे. मला हवी होती ती शांतता मिळाली होती आणि ती मला सहन होईना. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, त्यांना काहीतरी बोला ना." आता बोला म्हणते!

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या सुमारास एका सकाळी कारखाना उघडायचा सोडून मी स्कूटर काढली आणि एकटाच किनाऱ्यावर गेलो. होड्यांची डागडुजी चालली होती. मी एकेकाला शिडाबद्दल विचारत सुटलो. पाणी, मासा, डिझेल, धूर, सगळं चक्र मी घडाघडा म्हणून दाखवलं. काहींनी ऐकून घेतलं, काही हसले, एकाने मला सावलीत बसवून पाणी दिलं. उन्हाचा त्रास झालाय असं वाटलं असावं त्याला. शेवटी डांबर लावत बसलेली एक विधवा बाई, जी दिरासोबत नवऱ्याची होडी चालवत होती, मान वर न करता म्हणाली, "बांधी जुओ." बांधून बघा.

मी तसाच व्याह्यांकडे गेलो. सांगितलं. ते उठले, चष्मा शोधला आणि कडाडले, "होडीची लांबी विचारली? डोलकाठी कुठे बसणार ते पाहिलं? नाही ना? अहो, तुम्हाला एक काम सांगायची सोय नाही!" सबंध आठवडा त्यांनी माझा छळ केला. शिवण तीनदा उसवली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं चिखलात उभे होतो. बाईने हात हलवला, होडी मुखाकडे निघाली. परत येताना शीड चढणार होतं, म्हणजे दुपारनंतर. तोवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. होडी लहान होत होत ठिपक्याएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. व्याही तिकडेच बघत होते. ऊन चढलं होतं, कारखान्यात कारागीर खोळंबले होते, फोन खिशात वाजत होता. मी त्यांना चला म्हणालो नाही.